पंपाच्या दारावरचं कॅल्क्युलस

माझा थोरला भाऊ संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मला 'बाई' म्हणायचा. 'तुम्ही' म्हणायचा. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, मला कडेवर घेऊन मळाभर हिंडवलेला, माझा शेंबूड पुसलेला हा माणूस मी आले की उठून उभा राहायचा आणि मी 'बस' म्हटल्याशिवाय बसायचा नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, चेष्टा करतोय. मी हसले. तो हसला नाही. साडेसात वाजले की वही मिटायची आणि त्याच तोंडाने "ए ढमे, तांब्याभर पाणी आण गं," असं सुरू व्हायचं.

वहिनीला हा प्रकार अजिबात पटत नसे. "अहो, तिला काय तुम्ही म्हणता? मला आजपर्यंत कधी म्हणाले नाय."

"तू शिकव काहीतरी," दादा म्हणायचा, "तुला पण म्हणीन."

"मला शिकवायचं लय हाय. ऐकतंय कोण?"

आमचा मळा नाशिकला, गंगापूर रस्त्याच्या आतल्या अंगाला. मेथी, कोथिंबीर, आणि दसऱ्या-दिवाळीला झेंडू. शेती तात्या बघायचे, म्हणजे आमचे वडील. दादा सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड फिरवत कापायच्या मशीनवर, टर्नर होता. दहावीला गणितात पस्तीस मार्क, तेही दुसऱ्या खेपेला, मग आयटीआय, मग कारखाना. बारा वर्षं तो एकाच मशीनपुढे उभा होता आणि त्या मशीनवर त्याचा हात असा बसला होता की दुसऱ्या खात्यातले लोक अवघड काम घेऊन त्याच्याकडे यायचे. पण नव्वदीच्या अखेरीला कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारी नवी मशिनं येणार असं ठरलं, आणि त्यावर डिप्लोमावाल्यांनाच घेणार असंही ठरलं. दादाला ते मशीन हवं होतं. पगारासाठी नाही, निदान तेवढ्यासाठी नाही. मशीन आणायच्या आधी त्याचं रंगीत माहितीपत्रक आलं होतं, ते त्याने देवघरात गणपतीच्या मागे लावून ठेवलं होतं. वहिनी रोज त्या मशीनलाही हळदकुंकू वाहायची, कारण गणपतीला वाहिलेलं मागे त्याच्यावरही उडायचंच.

त्यासाठी दादाने नाशिक रोडला पार्टटाइम डिप्लोमा धरला होता. पहिली पाळी करून घरी यायचं, घास खायचा आणि लूना मारत नाशिक रोड. चार वर्षं हे चाललं. सगळे विषय सुटले. राहिला एक गणिताचा दुसरा पेपर, म्हणजे सगळं कॅल्क्युलस. त्यात त्याला अकरा, सात, चौदा आणि नऊ असे मार्क पडले होते. चौदा पडले तेव्हा घरात पेढे आणायचं घाटत होतं. आता एकच संधी उरली होती. त्यातही नापास झाला तर नियमाप्रमाणे आधीचे सुटलेले विषयही रद्द, आणि नवं मशीन गणपतीच्या मागेच राहणार.

मी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, गणित घेऊन. एक दिवस दादा अंघोळ करून, केसांना तेल लावून, पांढरा शर्ट घालून माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "शिकवशील का?" मी हो म्हटलं. मला वाटलं, तीन-चार महिने आहेत, होऊन जाईल. त्याला कॅल्क्युलस येत नाही एवढंच मला माहीत होतं. त्याला त्याच्या आधीचंही काही येत नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

शाळा भरायची पंपाच्या खोलीपाशी. खोलीचं दार पत्र्याचं, त्याला दादाने काळा रंग मारून फळा केला होता. त्यावर खडूने लिहिलं की दार दणदण वाजायचं, त्यामुळे मी चिडून लिहितेय की शांतपणे, हे अर्ध्या मळ्याला कळायचं. शिवाय लाइटचा भरवसा नाही. मधेच लाइट आली की तात्या ओरडायचे, "मोटार लाव रे!" मग दादा 'बाई, जाऊ का?' असं विचारून दार उघडायचा, आणि माझं अर्धं उदाहरण भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. पंप चालू करून तो बाहेर येईपर्यंत मला पुढची पायरी आठवत नसे, आणि त्याला मागची.

पहिल्या आठवड्यात आम्ही अपूर्णांकात अडकलो. अर्धा अधिक एक तृतीयांश किती, तर दोन पंचमांश. वरचे वर मिळवले, खालचे खाली. मी म्हटलं, अरे अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं, असं कसं? त्याने नीट विचार केला आणि म्हणाला, "चूक माझी नाय. ते एक तृतीयांशच चुकीचं हाय." पुढे त्याने समजावून सांगितलं. इंचाचा अर्धा भाग म्हणजे चार सूत. पाव म्हणजे दोन सूत. आठवा भाग म्हणजे एक सूत. हे सगळं पट्टीवर दिसतं. एक तृतीयांश कुठल्याच पट्टीवर नाही. म्हणजे तो कुणीतरी पुस्तकात बसून काढलेला आहे.

"अर्धा अधिक पाव अधिक एक अष्टमांश?" मी विचारलं.

"सात सूत," त्याने डोळ्यांची पापणीही न हलवता सांगितलं.

छेद समान करणं त्याला येतच होतं, फक्त त्याला ते सूत म्हणून येत होतं. मग मी एक सहा सुतांचा इंच काढला, एक बारा सुतांचा, एक पंधरा सुतांचा. दादा ते नाइलाजाने चालवून घ्यायचा. "तुमच्या पुस्तकात चालत असंल हे," असं म्हणायचा, पण उत्तर बरोबर यायचं.

त्याचे पाढे पाचापर्यंत. त्याचंही कारण होतं. आमच्याकडे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या मोजतात त्या पाच-पाचांच्या हाताने. एका हातात पाच जुड्या उचलायच्या, टाकायच्या आणि मोजायचं. पहिल्या हाताला एक म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, असे वीस हात झाले की शेकडा. दादा लहानपणापासून तात्यांबरोबर हे करत आलेला. त्यामुळे सात आठे किती हे त्याला विचारलं की तो आधी आठ हात टाकायचा, चाळीस, मग आठ वेळा दोन, सोळा, मग छप्पन्न. उत्तर बरोबर, पण तोवर मी खडूचे दोन तुकडे केलेले असायचे. आणि एक्स बरोबर एक असं लिहायची वेळ आली की त्याची जीभ अडखळायची. "एक्स बरोबर लाभ," असं म्हणून मगच तो एकचा आकडा काढायचा. अपशकुन नको म्हणून.

उणे संख्यांशी त्याचं भांडण मात्र वेगळ्याच ठिकाणी होतं. मला वाटलं होतं, तो म्हणेल उणे तीन जुड्या दाखव. तसं काही नाही. लेथवर हँडल पुढे फिरतं तसं मागेही फिरतं, हे तो जाणून होता. त्याचं म्हणणं असं, की तीन पुढे गेलो आणि तीन मागे आलो तर शून्यावर येत नाही.

"का नाही?"

"प्ले असतो, बाई. स्क्रूमध्ये खेळ असतो थोडा. मागं फिरवलं की आधी तो खेळ निघतो, मग टूल हलतं. जरा जास्त मागं यावं लागतं आणि परत पुढं."

"पुस्तकात खेळ नसतो."

"नवं असंल," दादा म्हणाला. "वापरलं की येईल."

मी त्या रात्री जेवले नाही. वहिनी म्हणाली, शिकणाऱ्याने उपाशी राहावं असं ऐकलंय, शिकवणाऱ्याने कशाला?

वहिनीवरून आठवलं, दादाच्या शर्टाच्या खिशात कायम व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायची सरकती पट्टी, असायचं. कारखान्याचं नाही, स्वतःचं, जुन्या बाजारातून घेतलेलं. तो येता-जाता काहीही मोजायचा. झेंडूचं फूल, बाटलीचं बूच, पाहुण्याच्या चपलेची टाच. एकदा त्याने ताटातली भाकरी मोजली. मधे साडेपाच मिलिमीटर, कडेला तीन. "एकसारखी नाय," तो वहिनीला म्हणाला. वहिनीने त्याच्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमचं तरी एकसारखं हाय का? मधी बघा आन् कडंला बघा." तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यानंतर दादाने घरात खाण्याची वस्तू मोजली नाही. पण ते दुःख त्याला बरेच दिवस होतं.

असे दीड-दोन महिने गेले आणि मी घाबरत घाबरत लिमिटच्या धड्याला हात घातला. माझ्या वर्गातल्या हुशार मुलांनाही तो धडा कळला नव्हता. मी दारावर लिहिलं, आणि म्हटलं, "हे बघ, एक्स दोनच्या जवळ जातोय. अडीच, मग दोन पॉइंट एक, मग दोन पॉइंट शून्य एक. जवळ जवळ जातोय, पण दोन होत नाही."

दादा उठून उभा राहिला. "फायनल कट!"

"काय?"

"बाई, वीस मिलीचा शाफ्ट, म्हणजे दांडा, करायचाय. तर मी एकदम वीसला जातो का? साडेवीस. मग वीस पॉइंट एक. मग हळूहळू खरवडत, मोजत, खरवडत, मोजत. जायचं तिकडंच, पण ओलांडायचं नाय. एवढं सोपं व्हय हे? मग आमचे सर एवढा घाम का पुसत होते?"

मी तेव्हा इतकी खूश झाले की त्याला गूळ-शेंगदाणे आणून दिले. आनंद एक दिवस टिकला. दुसऱ्या दिवशी मी डावीकडून येणारं लिमिट काढलं. एक पॉइंट नऊ, एक पॉइंट नव्याण्णव. दादाने पेन्सील खाली ठेवली.

"हे चुकीचं हाय, बाई."

"काय चुकीचं आहे?"

"एक पॉइंट नऊ झाला ना? झाला म्हणजे गेला. भंगार. आता त्यातनं दोन कुठून काढणार? कापलेलं परत चिकटत नाय."

मी सांगितलं की हा शाफ्ट नाही, संख्या आहे. त्याने मान हलवली, आणि पुन्हा विचारलं, पण मापाच्या खाली गेल्यावर वर येणार कसं? तीन संध्याकाळी हाच खटला चालला. मी आकृती काढल्या, रस्त्याच्या दोन बाजूंनी घराकडे येणारी दोन माणसं काढली. तो म्हणाला, माणसं येतील, जॉब, म्हणजे मशीनवरचा तुकडा, येणार नाही. तिसऱ्या दिवशी मी खडू मळ्यात भिरकावला. तात्या तो शोधून घेऊन आले आणि माझ्या हातात दिला.

चौथ्या दिवशी मी वेण्या घालत बसले होते, तर लूना फाटकातून आत आली आणि स्टँडला न लागताच आडवी पडली. दादा कारखान्याच्या कपड्यांत, हाताला काळं तेल, अंघोळ नाही, काही नाही.

"ढमे! बोअर!"

"काय झालं?"

"भोक! अगं, भोक पाडताना खालून जातात! वीसचं भोक करायचंय, तर आधी साडेएकोणीस. मग एकोणीस पॉइंट नऊ. भोक लहानाचं मोठं होतं! शाफ्ट वरून येतो, बोअर खालून येतो. दोघं एकाच मापाला आले तर बसतात एकमेकांत. नाय आले तर लिमिट नाय! मशीनवर उभा होतो आन् एकदम डोक्यात आलं. माझ्याकडनं एक जॉब बिघडला आज. बारा वर्षांत पहिला."

मग त्याच्या लक्षात आलं की आपण बाईंना अगं म्हणालो, तेही अंघोळ न करता. तो आत गेला, अंघोळ करून, तेल लावून, पांढरा शर्ट घालून आला, आणि तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून 'तुम्ही' लावून सांगितलं. मी पुढे एमएस्सी केलं, कॉलेजात शिकवायला लागले. लिमिट शिकवताना मी आजही शाफ्ट आणि बोअरच सांगते, आणि मुलांना वाटतं बाईंनी काढलेलं आहे. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

त्यानंतर गाडी धावायला लागली. डेरिव्हेटिव्ह त्याला टेपर म्हणून कळलं. गोल वळणाऱ्या जॉबचा या ठिकाणी ढाळ किती, एवढंच तर विचारलंय, म्हणाला. काही दिवस तो घरात सगळ्याचा ढाळ बघत हिंडायचा. वांग्याचा, घागरीच्या खांद्याचा, तात्यांच्या टकलाचा. तात्या म्हणाले, "माझ्या डोक्याचं इथं सपाट हाय, तिथं हळूहळू उतरतंय," आणि दादाने ते वहीत आकृतीसकट लिहून घेतलं.

इंटिग्रेशनमध्ये उत्तराच्या शेवटी 'अधिक सी' लिहायचा असतो. तो विसरला की मार्क कापतात, आणि तो सगळे विसरतात. मी स्वतः बारावीत तीनदा विसरले होते. दादा एकदाही विसरला नाही. मी पहिल्यांदा सांगितलं की उत्तर आलं तरी वर थोडं काहीतरी असू शकतं, किती ते आपल्याला ठाऊक नाही, म्हणून सी लिहायचा, तेव्हा तो म्हणाला, "हो ना, वरचं घालायचंच की." आमच्याकडे जुड्यांच्या शेकड्यावर एक हात वर टाकतात. पाच जुड्या. त्यात एखादी पिवळी, एखादी मोडकी निघते, म्हणून. वर न टाकता शेकडा देणारा माणूस तात्यांच्या मते माणसात जमा नाही. पलीकडे जुड्या बांधत बसलेले तात्या आमचं ऐकत असायचे. त्यांना गणितातलं दुसरं काही कळत नव्हतं, पण दादाने उत्तराखाली रेघ मारली की ते तिथूनच विचारायचे, "वरचं घातलं का रे?"

"घातलं, तात्या."

अडचण अशी झाली की तो सगळीकडेच वरचं घालायला लागला. डेरिव्हेटिव्हला अधिक सी. त्रिकोणाच्या क्षेत्रफळाला अधिक सी. एकदा सात आठे छप्पन्न अधिक सी. आणि ज्या इंटिग्रेशनला खाली-वर दोन्ही हद्दी दिलेल्या असतात, तिथे सी येत नाही, हे मी सांगितलं तेव्हा तात्याच उठून आले. "असं कसं? घेणाऱ्याचं नुकसान नाय का?" मी म्हटलं, तात्या, इथे इथून इथपर्यंत मोजून दिलंय, वरच्या हद्दीचा सी खालच्या हद्दीच्या सीने कटतो. तात्या दादालाच म्हणाले, "तू घाल. बाई काही म्हणू दे." तात्यांनीही मला बाई म्हटलेलं ते पहिलं आणि शेवटचं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी त्याला जुना पेपर घातला. सत्तेचाळीस पडले. पासाला चाळीस लागत. मी दोनदा तपासले, मग तिसऱ्यांदा. दादाने वही हातात घेऊन नुसती बघितली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते खडूची धूळ म्हणून खपवलं.

पेपरला मी त्याच्या मागे लूनावर बसून नाशिक रोडला गेले. तो आत गेला आणि मी बाहेर एका झाडाखाली तीन तास बसून राहिले. शेवटची घंटा झाल्यावर तो बाहेर आला. चेहरा ठीक होता. मी प्रश्नपत्रिका ओढून घेतली आणि एकेक प्रश्न विचारत मार्क धरत गेले. हे केलं? केलं. उत्तर काय आलं? बरोबर. मिळवत मिळवत, शेवटचे चार विचारायच्या आधीच धरून, मी चाळीसवर आले आणि माझा जीव भांड्यात पडला.

"हे चार धरू नको," दादा म्हणाला. एक्स साइन एक्सच्या इंटिग्रेशनवर त्याचं बोट होतं.

"का? उत्तर काय आलं?"

"एकदा केलं तर उणे आलं. ताळा घ्यायला परत केलं तर अधिक आलं. तिसऱ्यांदा करायला वेळ नव्हता. कोणतं खरं ते ठरंना. मग काट मारली."

"काट मारली म्हणजे?"

"दोन्हीवर आडवी रेघ मारली."

मी तिथेच झाडाखाली प्रश्नपत्रिकेच्या पाठीमागे ते सोडवलं. त्याचं पहिलं उत्तर बरोबर होतं.

मी किंचाळलेच असेन, कारण गेटवरचा शिपाई वळून बघायला लागला. "अरे दादा, काट कशाला मारायची? पहिलं होतं तसं ठेवायचं! तपासणाऱ्याने ठरवलं असतं!"

"शंका असलेला जॉब आम्ही पुढं देत नाय," तो म्हणाला. "लाल रंग मारून बाजूला ठेवतो."

"हा जॉब नाही, पेपर आहे!"

"मला जे माहीत नाय ते दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं, आन् लागलं तर माझं म्हणायचं?" त्याला खरंच कळत नव्हतं मी काय म्हणतेय ते. "मग ते मशीन तरी मला कशाला देतील?"

मी प्रश्नपत्रिकेची घडी घालून पिशवीत कोंबली आणि लूनावर मागे बसले. घरी आल्यावर त्याने वहिनीला सांगितलं, पेपर चांगला गेला. त्याच्या दृष्टीने गेलाच होता.

निकाल लागला तेव्हा छत्तीस. तो एकटाच जाऊन बघून आला. अंगणात लूना लावली, चपला काढल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "छत्तीस." वहिनीने पदर तोंडाला लावला. तात्यांनी दोनदा विचारलं, कमी किती पडले म्हणून. मग म्हणाले, "चारच? वर टाकत नायत व्हय ते?"

मला त्याचा राग आला, पेपर तपासणाऱ्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त माझा मला आला. मी त्याला सगळं शिकवलं होतं, आणि परीक्षा कशी द्यायची तेवढं सांगितलं नव्हतं, कारण हे कुणाला सांगावं लागतं असं मला वाटलंच नव्हतं. आम्ही सगळे शाळेपासून तेच तर करत आलो होतो. अंदाजपंचे लिहायचं, पडले मार्क तर पडले. कारखान्यातून तीन डिप्लोमावाली पोरं ट्रेनिंगला पुण्याला गेली. दादाला जुन्याच लेथवर ठेवलं. वहिनीने एके दिवशी गणपतीच्या मागचं ते माहितीपत्रक काढून कपाटात घडी करून ठेवलं.

सात-आठ दिवस मी त्या पंपाच्या बाजूला फिरकले नाही. दादाशी बोलायचंही टाळत होते. नवव्या की दहाव्या दिवशी मी शेडमध्ये मेथी निवडत बसले होते. दादा पाळी करून आला आणि समोर पोत्यावर बसला. हातात वही होती. मला वाटलं, परत द्यायला आलाय, कारण वही मीच घेऊन दिली होती.

त्याने वही उलटी केली आणि शेवटचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. त्याच्या त्या ड्रॉइंगसारख्या उभ्या अक्षरात वर लिहिलं होतं, 'सोड म्हटलेलं'. खाली एकापाठोपाठ एक नंबर घातलेले होते. एकतीस. मी वाचत गेले. साइनचं डेरिव्हेटिव्ह कॉसच का. पाय कुठून आला. हा ई कोण. शून्याने भागायला बंदी कुणी घातली. शिकवताना तो मधेच असं काहीतरी विचारायचा आणि मी म्हणायचे, परीक्षेला येत नाही, सोड. तो मान हलवायचा आणि काहीतरी लिहायचा. मला वाटायचं, उदाहरण उतरवून घेतोय.

"पास व्हायचं होतं म्हणून तू पळवलंस," तो म्हणाला. "बरोबर हाय तुझं. पण आता परीक्षा नाय. आता काय घाई हाय? आता हे सगळं सांग."

"दादा, आता याचा काय उपयोग?"

"समजलं नाय अजून," तो म्हणाला, जणू एवढं कारण पुरेसं होतं.

मी परत पहिल्या नंबरपाशी आले. तिथे लिहिलं होतं: उणे गुणिले उणे अधिक. का?

मला शाळेत बाईंनी सांगितलं होतं, तसंच असतं. मी पाठ केलं होतं. त्याच्या जोरावर बारावी काढली होती, बीएस्सीची दोन वर्षं काढली होती, वर्गात पहिली येत होते. आणि ते तसं का असतं, हा प्रश्न मला आजपर्यंत एकदाही पडला नव्हता. मी मेथीची काडी मोडत बसले.

"मला माहीत नाही, दादा," मी म्हणाले.

मला वाटलं त्याला धक्का बसेल. त्याने नुसती मान हलवली आणि मेथीची टोपली बाजूला सारून माझ्याशेजारी पोत्यावर जागा केली.

"मग सरक जरा," तो म्हणाला. "दोघं बसू."